एचआर स्ट्रॅटेजी पीपीटीतून शॉपफ्लोअरवर कशी आणायची

मार्च संपत आला की बऱ्याच कंपन्यांत एक पीपीटी फिरते, "पीपल स्ट्रॅटेजी" नावाची. त्यात टॅलेंट, एंगेजमेंट, कल्चर, एखादा पिरॅमिड आणि शेवटच्या स्लाइडवर ट्रेनिंग कॅलेंडर. एप्रिलमध्ये ती मेलबॉक्सच्या तळाला जाते आणि लाइन आधीसारखीच चालते, म्हणजे सेकंड शिफ्टला दोन माणसं कमी, ठेकेदाराला फोन, सुपरवायझरचं डोकं गरम. हे लिहितोय ते प्लांट, प्रॉडक्शन, ऑपरेशन्स सांभाळणाऱ्यांसाठी आणि छोट्या कंपनीच्या मालकांसाठी. एमबीएच्या परीक्षेला याचा उपयोग कमीच होईल. पण या विषयात चाळीस वर्षं जे वाद चाललेत ते मी मुद्दाम आणणार आहे, कारण त्यातला प्रत्येक वाद तुमच्या टेबलावर निर्णय म्हणून येतोच, फक्त तो आपण कधी घेतला हे बऱ्याचदा आपल्याला कळत नाही.

उदाहरण एकच धरू म्हणजे बोलायला सोपं. समजा चाकणला दीडशे-दोनशे माणसांचं सीएनसी मशिनिंगचं युनिट आहे, माल गाड्या बनवणाऱ्या कंपनीला थेट जात नाही, मधल्या सप्लायरला जातो. साठ-सत्तर पर्मनंट, बाकी कॉन्ट्रॅक्ट आणि ट्रेनी, युनियन आहे किंवा होऊ घातलीये. तुमचं आयटीचं ऑफिस असेल किंवा हॉस्पिटल असेल तर हुद्दे बदलून वाचा.

सुरुवात एचआरपासून करूच नका

एक कोरा कागद घ्या आणि लिहा की कस्टमर आपल्याकडेच ऑर्डर का टाकतो. "क्वालिटी आणि डिलिव्हरी" लिहिलंत तर फाडा आणि परत लिहा, कारण शेजारचा प्लॉटवाला पण तेच लिहितो. खरं उत्तर बारीक असतं, म्हणजे नवीन पार्टचं सॅम्पल आपण लवकर देतो, किंवा छोटे लॉट घ्यायला कुरकुर करत नाही, किंवा मॉडेल बदललं तरी सेटिंगमध्ये अर्धी शिफ्ट घालवत नाही. आता त्याच्याखाली लिहा की हे नेमकं कुणाच्या हातून होतं. आपल्या उदाहरणात उत्तर सेटर आहे, म्हणजे नवीन पार्टसाठी मशीन लावून देणारा. ऑफसेट मारणारा, टूल घासत आलंय हे आवाजावरून ओळखणारा, रात्री दोन वाजता रिजेक्शन चढायला लागलं की ज्याला शोधत फिरतात तो. ऑर्ग चार्टवर तो खालून दुसऱ्या ओळीत असतो आणि पगाराच्या शीटमध्ये बऱ्याचदा त्याच्यात आणि साध्या ऑपरेटरमध्ये जेमतेम फरक असतो.

अशी दोन-तीनच कामं शोधा, जास्त नको. सगळेच महत्त्वाचे म्हटलं की पैसा आणि लक्ष सगळीकडे सारखं पसरतं आणि कुठेच पुरत नाही. प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा: आज ते कोण करतं, तो उद्या आला नाही तर कोण करेल, आणि नवीन माणूस तयार व्हायला किती महिने लागतात. दुसऱ्या प्रश्नासमोर जागा रिकामी राहिली तर तुमची स्ट्रॅटेजी तिथून सुरू होते, मग एंगेजमेंट सर्व्हे नंतर करा.

इथे पहिला वाद येतो. अमेरिकन प्राध्यापक जे बार्नी यांनी १९९१ मध्ये मांडलं की कंपनीला टिकाऊ फायदा देणाऱ्या साधनाला चार कसोट्या लागतात: ते उपयोगाचं हवं, दुर्मिळ हवं, नक्कल करायला अवघड हवं आणि त्याला सहज पर्याय नको. एचआरवाल्यांनी हे उचललं, कारण माणसं या चारही कसोट्यांवर बसतात असं म्हणता येतं. पण सेटरला लावून बघा. उपयोगाचा आहे, दुर्मिळ आहे, आणि शेजारच्याने दोन हजार वाढवून दिले की पुढच्या महिन्यात तो त्यांच्या गेटवर पंच करतो. म्हणजे ही ताकद त्याची झाली, तुमची कुठे झाली? ती तुमची व्हायला सेटिंगचं ज्ञान चार-पाच जणांत फिरायला लागतं, शिकवणाऱ्याला शिकवण्याचे पैसे किंवा निदान मान मिळायला लागतो, आणि चूक सांगितली तर मेमो मिळणार नाही याची खात्री लागते. शेजाऱ्याला माणूस नेता येतो, ही सवय त्याला नेता येत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा प्लांट होता, भांडणं, संप, कामगारांची गैरहजेरी वीस टक्क्यांच्या वर, शेवटी १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच प्लांट न्यूमी नावाने सुरू झाला, युनियन तीच आणि बहुतेक कामगार पण जुनेच. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि क्वालिटी टोयोटाच्या जपानी प्लांटच्या जवळ गेली. कामाच्या ढीगभर कॅटेगऱ्या काढून मोजक्याच ठेवल्या, छोट्या टीम केल्या, साध्या कामगाराला दोर ओढून लाइन थांबवायची मुभा दिली, आणि १९८८ मध्ये गाड्या खपेनात तेव्हा माणसांना घरी न बसवता ट्रेनिंगला बसवलं. जीएमचे मॅनेजर हे सगळं जवळून बघत होते, भागीदार होते ना ते, काही लपवलेलं नव्हतं. तरी आपल्या बाकीच्या प्लांटमध्ये हे उतरवायला त्यांना कित्येक वर्षं लागली. दोर बसवायला एक दिवस लागतो, पण तो ओढल्यावर सुपरवायझर ओरडणार नाही यावर कामगाराचा विश्वास बसायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहितीये.

दुसऱ्याचं कॉपी करायचं की नाही

हा दुसरा वाद आणि सगळ्यात जुना. एक गट म्हणतो की माणसं सांभाळायच्या काही चांगल्या पद्धती आहेत, त्या कुठेही लावा, फायदाच होतो. स्टॅनफर्डचे जेफ्री फेफर यांनी १९९४ मध्ये अशा सोळा पद्धती सांगितल्या आणि १९९८ मध्ये त्या सातवर आणल्या: नोकरीची सुरक्षितता, पारखून भरती, स्वतः निर्णय घेणाऱ्या टीम, कंपनीच्या कामगिरीशी जोडलेला चांगला पगार, भरपूर ट्रेनिंग, साहेब आणि कामगार यातलं अंतर कमी, आणि कंपनीची माहिती सगळ्यांना. दुसरा गट म्हणतो असं काही नसतं, धंदा कसा करता त्यावर सगळं ठरतं. शूलर आणि जॅक्सन यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं की स्वस्तात विकणारी, क्वालिटीवर विकणारी आणि नवीन काहीतरी काढून विकणारी अशा तीन कंपन्यांना माणसांकडून वेगवेगळं वागणं हवं असतं, मग भरती, पगार, अप्रेजल पण वेगळंच लागणार.

क्लीव्हलँडच्या लिंकन इलेक्ट्रिकचं बघा. वेल्डिंगची कंपनी, पीस-रेटवर, म्हणजे नगावर मजुरी, वर्षाला घसघशीत बोनस आणि १९५८ पासून जुन्या कामगारांना नोकरीची हमी. तिथे हे इतकं चाललं की बिझनेस स्कूलमध्ये अजून शिकवतात. मग त्यांनी परदेशात भराभर कंपन्या घेतल्या आणि १९९२ मध्ये मोठा तोटा झाला. कारणं बरीच होती, मंदी होती, घेतलेल्या कंपन्या महाग पडल्या, पण एक कारण हेही होतं की पीस-रेट आणि बोनसची ती पद्धत तिथल्या कामगारांना आणि तिथल्या कायद्यांना पचली नाही. स्वतःचीच पद्धत स्वतःच्याच दुसऱ्या देशातल्या प्लांटला बसली नाही, आणि आपण बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीचं अप्रेजल उचलून मशिन शॉपला लावतो.

माझं मत विचाराल तर दोन्ही गट अर्धे बरोबर आहेत. पगार ठरलेल्या तारखेला, भरती करताना प्रत्यक्ष काम करून घेऊन बघणं, शिकवणं, कंपनीत काय चाललंय ते सांगणं, यात कुणाचा धंदा वेगळा नसतो, हे कुठेही करा. इन्सेंटिव्ह, अप्रेजल, ग्रेड, कॉन्ट्रॅक्टचं प्रमाण, या गोष्टी मात्र मापाने शिवून घ्याव्या लागतात, रेडिमेड बसत नाहीत.

करायचं काय, तर तुमच्याकडच्या सगळ्या पॉलिसी एका कागदावर मांडा आणि कोणती पॉलिसी कोणत्या पॉलिसीच्या विरोधात जाते ते शोधा. बहुतेक ठिकाणी सापडतंच. भिंतीवर "क्वालिटी फर्स्ट" आणि सुपरवायझरच्या केआरएमध्ये, म्हणजे ज्यावर त्याचं काम मोजतात त्या यादीत, फक्त नग. टीमवर्कची वर्कशॉप घेतली आणि इन्सेंटिव्ह एकट्या ऑपरेटरच्या नगावर, मग तो शेजारच्याला सेटिंग शिकवायला थांबेल का? बेल कर्व्हचं, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात वर-खाली रेटिंग वाटण्याचं पण तसंच, दहा जणांच्या टीममध्ये कुणीतरी एकाला खालचं रेटिंग द्यायचंच म्हटलं की चांगली माणसं एका टीममध्ये यायलाच नको म्हणतात. मायक्रोसॉफ्टने असं जबरदस्तीचं रँकिंग नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केलं. आपल्याकडे काही ठिकाणी ते त्यानंतर सुरू झालं, हा भाग वेगळा. नवीन स्कीम आणायच्या आधी असे दोन-तीन विरोध काढून टाकले तरी फरक पडतो, आणि पैसा लागत नाही.

कन्सल्टंट आकडे दाखवतो तेव्हा

तो बहुतेक ज्या अभ्यासापासून सुरुवात करतो तो मार्क ह्यूजलिड यांचा, १९९५ चा. अमेरिकेतल्या हजाराच्या जवळपास कंपन्या, आणि निष्कर्ष असा की चांगल्या एचआर पद्धती जिथे जास्त तिथे माणसं सोडून जाण्याचं प्रमाण कमी, आणि दर माणशी विक्री सुमारे २७ हजार डॉलरने जास्त. या एका पेपरने एचआरला बोर्डरूममध्ये खुर्ची मिळवून दिली म्हणतात. पण वाद इथेच आहे. प्रत्येक कंपनीतून एकाच वरिष्ठ माणसाने फॉर्म भरला होता, आणि मुख्य म्हणजे आधी काय आलं? ट्रेनिंगमुळे नफा झाला की नफा झाला म्हणून ट्रेनिंगवर खर्च करता आला? पॅट्रिक राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आधीची कामगिरी हिशोबात धरून बघितलं तेव्हा हा संबंध जवळजवळ विरघळला. ब्रिटनमध्ये डेव्हिड गेस्ट यांच्या २००३ च्या अभ्यासात ३६६ कंपन्या होत्या, तिथेही नफ्याशी नातं दिसलं पण एचआरमुळेच नफा झाला असं सिद्ध करता आलं नाही.

म्हणून एचआर सोडून द्या असं नाही. स्वतःच्या प्लांटमध्ये स्वतः मोजा. नवीन पद्धत एकदम सगळीकडे लावू नका, एका लाइनला लावा, तशाच दुसऱ्या लाइनला सहा महिन्यांनी लावा. सुरू करायच्या आधीचे आकडे आधीच लिहून ठेवा: पहिल्या फटक्यात ओके किती, सेटिंगला वेळ किती, गैरहजेरी, आणि जॉइन झाल्यापासून तीन महिन्यांत किती जण सोडून गेले. हा शेवटचा आकडा फार कमी लोक ठेवतात, वर्षाचं अट्रिशन, म्हणजे वर्षभरात किती जण सोडून गेले, ते मात्र तोंडपाठ असतं. महिने निवडताना पण डोकं वापरा, दिवाळी आणि छठच्या आसपास निम्मी माणसं गावाला गेलेली असतात, त्या काळातली गैरहजेरी बघून स्कीम पास-नापास करू नका.

सगळं सुपरवायझरच्या टेबलावर येऊन थांबतं

मला विचाराल तर हा सगळ्यात कामाचा भाग आहे. संशोधक याला ब्लॅक बॉक्स म्हणतात, म्हणजे एका बाजूने पॉलिसी आत जाते, दुसऱ्या बाजूने रिझल्ट बाहेर येतो, मध्ये काय होतं कुणी बघत नाही. राइट आणि निशी यांनी ते तीन थरांत फोडून दाखवलं: कंपनीला जे करायचं होतं, प्रत्यक्षात जे केलं गेलं, आणि कामगाराला जे झालंसं वाटलं. ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातल्या जॉन पर्सेल यांच्या गटाने काही कंपन्यांत जाऊन बघितलं तर फरक पाडणारा माणूस बऱ्याच ठिकाणी थेट वरचा मॅनेजर निघाला. त्यांची मांडणी सोपी आहे, माणसाला काम जमलं पाहिजे, करावंसं वाटलं पाहिजे आणि करायची संधी मिळाली पाहिजे. आपण पहिल्यावर ट्रेनिंगचा खर्च करतो, दुसऱ्यावर इन्सेंटिव्हचा, आणि तिसरं सुपरवायझर अडवून ठेवतो.

तपासायचं कसं? एकच पॉलिसी घ्या, रजेची घ्या. एचआरला विचारा गणपतीला रजा कशी मिळते, ते म्हणतील चार दिवस आधी ऍपवर टाकायची, सीनियॉरिटीप्रमाणे मंजूर होते. मग सुपरवायझरला विचारा, तो म्हणेल साहेब डिस्पॅच बघून देतो. मग कोकणातल्या ऑपरेटरला चहाच्या वेळी, एकट्याला, नाव न लिहिता विचारा. तो म्हणेल अमुक सरांना आवडतो त्याला मिळते, बाकीचे आजारी पडतात. तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहा. तुमची एचआर स्ट्रॅटेजी म्हणजे तिसरं उत्तर, बाकीचे दोन कागद आहेत. असंच ओव्हरटाइम (ओटी), लाइन बदलणं, पर्मनंट करणं याबद्दल विचारा, एका आठवड्यात जे कळेल ते कुठला सर्व्हे सांगणार नाही.

आणि मग सुपरवायझरवर चिडू नका. त्याला चांगला ऑपरेटर म्हणून प्रमोट केलेलं असतं, माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि संध्याकाळी त्याला विचारलं जातं फक्त प्रॉडक्शन किती झालं. त्याचा एक केआरए बदला, टीममधले किती जण दुसरं मशीन शिकले हे त्यात घाला. स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं मशीन येतं त्याचा तक्ता, एरवी ऑडिटच्या आदल्या रात्री भरायचा कागद असतो, तो मग खरा व्हायला लागतो. नव्या सुपरवायझरला पहिले दोन महिने रिपोर्टिंगचं काम कमी द्या, एक्सेल भरण्यात निम्मा दिवस जात असेल तर तो लाइनवर कधी उभा राहणार.

"आपली माणसं" कोण

लेपाक आणि स्नेल यांनी १९९९ मध्ये मांडलं की सगळ्यांना एकसारखं सांभाळायची गरज नाही, काम किती महत्त्वाचं आणि ते कौशल्य बाजारात किती सहज मिळतं यावरून ठरवा कुणाला घडवायचं, कुणाला तयार घ्यायचं आणि कुणाला कॉन्ट्रॅक्टवर. कागदावर पटतं. पण चाकण, रांजणगाव, वाळूजमध्ये होतं असं की एकाच मशीनवर, त्याच शिफ्टला, तेच काम करणारे दोन जण शेजारी उभे असतात, एकाचा पगार दुसऱ्याच्या दुपटीच्या वर, आणि हे काम महत्त्वाचं की नाही यावरून ठरलेलं नसतं, मागच्या वेतनकराराच्या वेळी पर्मनंट माणसांचा आकडा गोठवला यावरून ठरलेलं असतं.

याची किंमत कुठवर जाऊ शकते ते जुलै २०१२ मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या मारुती प्लांटमध्ये दिसलं. हिंसाचारात एचआरच्या एका जनरल मॅनेजरचा जीव गेला. त्याची कारणं अजून भांडणाचा विषय आहेत, पण कॉन्ट्रॅक्ट आणि पर्मनंटमधली दरी त्यात होती असं बरेच जण म्हणतात, आणि कंपनीने पुढे ठेकेदारामार्फत घ्यायचं थांबवून टेंपररी माणसं स्वतः भरायचं ठरवलं.

कायदा पण बघा. बदली, कॅज्युअल, टेंपररी म्हणून वर्षानुवर्षं ठेवायचं आणि पर्मनंटचे फायदे द्यायचे नाहीत या हेतूने केलं तर ती अनुचित कामगार प्रथा, हे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात आहेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड लागू झालेत, त्यात मुख्य कामाला कॉन्ट्रॅक्ट लेबर लावायला अपवाद सोडले तर मनाई आहे आणि फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट स्वस्त पडतो हे जुनं गणित परत मांडायला घ्या, तुमच्या लेबर कन्सल्टंटबरोबर बसून, राज्याचे नियम समोर ठेवून. त्यात रिजेक्शन, पुन्हा पुन्हा ट्रेनिंग आणि सोडून जाणाऱ्यांचा खर्च पण घाला, ठेकेदाराच्या बिलात तो दिसत नाही. सेटिंगचं काम कॉन्ट्रॅक्टवर असेल तर ते आधी काढा, पॅकिंगचं नंतर बघू.

एचआरवाल्याकडून काय मागायचं

१९८४ मध्ये अमेरिकेत दोन मांडण्या आल्या. मिशिगन विद्यापीठवाल्यांची कडक, निवडा, मोजा, बक्षीस द्या, घडवा, सगळं धंद्याच्या उद्दिष्टाला जोडून. हार्वर्डवाल्यांची मऊ, कामगार, युनियन, सरकार, समाज या सगळ्यांचे हितसंबंध धरून. टीकाकारांचं म्हणणं असं की भाषा मऊ आणि कारभार कडक असंच बहुतेक कंपन्यांत चालतं, "आपण सगळे एक कुटुंब" आणि पुढच्या महिन्यात कपात. पुढे १९९७ मध्ये डेव्ह उलरिच यांनी एचआरला चार कामं दिली: धंद्यातला भागीदार, बदल घडवणारा, कारभार चोख ठेवणारा आणि कामगारांची बाजू मांडणारा. आपल्याकडे तर सुरुवातच शेवटच्यापासून झाली, १९४८ च्या फॅक्टरी ऍक्टने ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर नेमायला लावला. मग सगळे बिझनेस पार्टनर झाले आणि कामगारांची बाजू मांडणारा कुणी उरला नाही, आता ती मांडतात युनियनवाले किंवा व्हॉट्सऍप ग्रुप.

त्यामुळे तुमच्या एचआरला एक काम स्पष्ट द्या: दर तिमाहीला माझ्यासमोर बसून मला न आवडणाऱ्या तीन गोष्टी सांगायच्या, नाव न घेता, पण लाइन आणि शिफ्टसकट. त्या मीटिंगला पीपीटी नको. पहिल्या वेळी तो कॅन्टीनच्या भाजीबद्दल सांगेल, कारण तुम्ही कसं घेता ते त्याला बघायचं असतं. भाजी सुधारा, लगेच, त्याच आठवड्यात. पुढच्या तिमाहीला रजेचं आणि ओटीचं बाहेर येतं. मग सेटरची यादी काढा, मागच्या वेळी जिथे रिकामी जागा होती तिथे नाव आलंय का बघा, नसेल आलं तर ट्रेनिंगचं बजेट कशावर गेलं ते विचारा.